सहा फूट सहा इंचांचा ब्रदर

स्मरणिकेसाठी चार पानं लिहून दे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. आपल्या ८५च्या बॅचमध्ये लिहिणारे पुष्कळ आहेत. शिवाय ज्या बाईंनी माझे मराठीचे पेपर तपासले त्याही हा अंक वाचणार, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती वेगळीच. मग मंडळातल्या एका मैत्रिणीने तोडगा काढला. दरवर्षी जुलैमध्ये शाळेत जाऊन आठवी-नववीच्या मुलांना तू जे सांगतोस तेच लिहून दे, असं ती म्हणाली. ते मात्र मला जमण्यासारखं आहे.

ज्यांची माझी गाठ बऱ्याच वर्षांत पडली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी नर्स आहे. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात तीस वर्षं वॉर्डात काढली. रुग्णालयात नर्सबाईला सगळे सिस्टर म्हणतात आणि पुरुष नर्सला ब्रदर. आपल्या पहिल्या गेट-टुगेदरला कुणीतरी मला विचारलं होतं की डॉक्टर व्हायचं राहून गेलं का. मी हसून वेळ मारून नेली होती. त्या प्रश्नाचं उत्तर आज देतो, पण माझ्या नव्हे, चारशे वर्षांपूर्वीच्या एका ब्रदरच्या आयुष्यातून.

१४ जुलै हा संत कामिलस यांचा सण. त्या आठवड्यात मला शाळेत दोन तासिका मिळतात. पहिल्या तासिकेला मी हात धुवायला शिकवतो. मुलं हसतात, कारण हात धुणं ही काय शिकायची गोष्ट आहे. मग बोटांच्या बेचक्या आणि नखांखालचा मळ दाखवला की गप्प होतात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, जुलाब लागलेल्या बाळाला हे पाणी कसं थोडं थोडं पाजायचं, ते करून दाखवतो. घरात आजी अंथरुणाला खिळली असेल तर दर दोन तासांनी कूस का बदलायची, पाठीला जखमा कशा होतात, चादर सुरकुतलेली का ठेवू नये, हेही सांगतो. दुसरी तासिका आजाऱ्यांसाठी प्रार्थना कशी करायची याची. आणि या दोन तासिकांच्या मधोमध मी कामिलसची गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पहिली तासिका आणि दुसरी तासिका एकमेकींना जोडता येत नाहीत.

ही गोष्ट माझी नाही. ती आपल्या सिस्टरांची. नाव छापलंत तर मेळाव्याला येणार नाही, असं त्यांनी बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण नववी ब आणि शुक्रवारचा शेवटचा तास एवढं म्हटलं की तुम्हाला त्या डोळ्यांसमोर दिसतील.

शुक्रवारी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात आजाऱ्यांची यादी असायची. ज्याच्या घरी, शेजारी कुणी आजारी असेल त्याने उठून नाव लिहायचं आणि मग सगळ्या वर्गाने मिळून प्रार्थना करायची. कॅथलिक मुलं क्रूसाची खूण करायची, बाकीची हात जोडायची. पण सिस्टरांची एक अट होती. नाव लिहिणाऱ्याने त्या नावापुढे स्वतः काय करणार तेही लिहायचं. अमक्याच्या आजीला विहिरीवरून पाणी आणून देईन. तमक्याच्या बुडालेल्या वह्या उतरवून देईन. नुसतं नाव लिहिलं तर त्या ते पुसून टाकत. आपल्याला ती शिक्षा वाटायची.

तर आता गोष्ट.

इटलीच्या दक्षिण भागात, तेव्हाच्या नेपल्सच्या राज्यात, अब्रुत्सो नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या बुक्कियानिको या गावी २५ मे १५५० रोजी कामिलस दे लेलिस जन्मला. आईचं नाव कामिल्ला, त्यावरूनच मुलाचं नाव. मूल होण्याची आशा सुटलेल्या वयात तिला हा मुलगा झाला. वडील सैन्यात कप्तान होते आणि घरी फार क्वचित असत. कामिलस बारा-तेरा वर्षांचा असताना आई गेली. नातेवाइकांनी सांभाळलं, पण पोरगं कुणाच्या हाताला लागेना. अभ्यासात लक्ष नाही, डोकं तापट, आणि पत्ते-फाशांचा नाद. अंगाने मात्र दांडगा. पुढे त्याची उंची सहा फूट सहा इंच भरली. इथे मी थांबतो आणि वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघतो. तिथली मुलं सावरून बसतात.

मिसरूड फुटतं न फुटतं तोच हा मुलगा बापाबरोबर व्हेनिसच्या फौजेत भरती व्हायला निघाला. तेव्हा व्हेनिसचं तुर्कांशी वाकडं होतं आणि सैनिकांना मागणी होती. वाटेतच बाप आजारी पडून वारला. त्याच सुमारास कामिलसच्या पायाला, घोट्याच्या वर, एक जखम झाली. साधीच वाटली, पण ती चिघळली, वाहू लागली आणि भरून येईना. या जखमेवर लक्ष ठेवा, असं मी मुलांना सांगतो. ती शेवटच्या ओळीपर्यंत आपल्याबरोबर येणार आहे.

उपचारासाठी तो १५७१ मध्ये रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात गेला. ज्यांचं दुखणं बरं होण्यासारखं नाही अशांसाठी ते रुग्णालय होतं. पैसे नसल्यामुळे त्याने तिथेच गड्याचं काम धरलं. झाडलोट करायची आणि बदल्यात पायाला मलमपट्टी. जखम थोडी बरी वाटू लागली, पण स्वभाव तोच. काम टाकून जुगार आणि त्यावरून भांडणं. काही महिन्यांत रुग्णालयाने त्याला हाकलून दिलं. पुढे जगभरच्या परिचारकांचा आश्रयदाता संत म्हणून ज्याला मान मिळाला, त्याची रुग्णालयातली पहिली नोकरी अशी गेली.

तो पुन्हा फौजेत गेला. १५७४ मध्ये नेपल्सच्या रस्त्यावर तो जुगारात सगळं हरला. साठवलेले पैसे गेले, हत्यारं गेली, शेवटी अंगातला सदराही उतरवून द्यावा लागला असं सांगतात. हिवाळा तोंडावर आलेला, खिशात दमडी नाही. मान्फ्रेदोनिया या गावी चर्चच्या दाराशी हा धिप्पाड शिपाई भीक मागत उभा राहिला. एका सद्गृहस्थाने त्याला कापुचिन संन्याशांच्या मठाच्या बांधकामावर मजुरीला लावलं. गाढवांवरून दगड-चुना वाहायचं काम होतं. गावातली पोरं त्याची टिंगल करत.

फेब्रुवारी १५७५. त्याला काही कामासाठी शेजारच्या सान जोवान्नी रोतोंदो गावच्या मठात पाठवलं होतं. हे गाव आपल्यापैकी काहींनी पाहिलं असेल, पुढे विसाव्या शतकात पाद्रे पिओ इथेच राहिले. तिथल्या मठाधिपतींनी त्या रात्री त्याच्याशी देवाबद्दल दोन शब्द साधेपणाने बोलले. दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारीला, परतीच्या वाटेवर ते शब्द त्याच्या डोक्यात फिरत राहिले. तो जनावरावरून खाली उतरला, रस्त्यातल्या दगडधोंड्यांत गुडघे टेकले आणि ढसाढसा रडला. त्याचं वय होतं चोवीस.

इथे गोष्ट संपली असती तर ती आपण ऐकलेल्या इतर शंभर गोष्टींसारखी झाली असती. वाया गेलेला मुलगा सुधारला, सगळे सुखी झाले. पण सिस्टर म्हणायच्या की खरी गोष्ट इथून सुरू होते. कामिलसला कापुचिन संन्यासी व्हायचं होतं. त्याने मठात प्रवेश घेतला. जाड्याभरड्या झग्याचं टोक चालताना पायाला घासत राहिलं आणि जखम पुन्हा उघडली. त्याला परत पाठवण्यात आलं. औषधोपचार करून तो पुन्हा मठात गेला, पुन्हा जखम उघडली, पुन्हा परत. देवासाठी आयुष्य द्यायला निघालेल्या माणसाला देवाने, निदान मठाने, पायाच्या एका जखमेसाठी नाकारलं.

जायचं कुठे? जिथून हाकललं होतं त्याच सान जाकोमो रुग्णालयात तो परतला. या वेळी रोगी म्हणून आणि सेवक म्हणूनही. हळूहळू रुग्णालयाने त्याच्यावर विश्वास टाकला आणि पुढे सगळ्या व्यवस्थेचा कारभारी केलं.

आता त्या काळातलं रुग्णालय कसं असे ते सांगायला हवं. रोग्यांची सेवा करणारे नोकर पगारी असत आणि ज्यांना दुसरीकडे कुठे काम मिळत नाही असेच बहुतेक या कामाला येत. काही तर शिक्षा म्हणून पाठवलेले गुन्हेगार. अंथरुणं घाण, खिडक्या बंद, जेवण समोर आदळलेलं, ते रोग्याच्या तोंडात गेलं की नाही हे पाहायला कुणी नाही. मरणाऱ्याजवळ कुणी बसत नसे. कधी कधी तर घाईघाईने जिवंत माणसालाच मेलेल्यांत काढत. कामिलसला हे सगळं ठाऊक होतं, कारण तो त्या खाटेवर पडलेला होता. आणि तो स्वतः तसा नोकरही होता.

ऑगस्ट १५८२ मध्ये एका रात्री त्याच्या मनात आलं की पगारासाठी नव्हे तर प्रेमापोटी रोग्यांची सेवा करणारी माणसं एकत्र आणली तर? एखादी आई आपल्या एकुलत्या एका आजारी लेकराची काळजी घेते तशी काळजी घेणारी माणसं. त्याने रुग्णालयातल्याच पाच जणांना गोळा केलं. एका खोलीत क्रूस लावून ते एकत्र प्रार्थना करायचे आणि मग वॉर्डात जायचे. रुग्णालयाच्या चालकांना संशय आला की हा कारभार बळकावायला निघालाय. त्यांनी ती प्रार्थनेची खोली बंद करायला लावली. कामिलस क्रूस उचलून आपल्या खोलीत घेऊन गेला. खचलेल्या अवस्थेत त्याला त्या क्रूसावरच्या येशूकडून धीर मिळाला, हे काम तुझं नाही, माझं आहे असं त्याला जाणवलं, अशी परंपरा आहे. तो क्रूस रोमच्या मारिया माग्दालेना चर्चमध्ये अजून जपलेला आहे.

त्याचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू होते रोमचे लाडके संत फिलिप नेरी. त्यांनाही कामिलसचा बेत पसंत नव्हता. फारसं न शिकलेला, रागीट, लंगडत चालणारा हा माणूस संस्था काय चालवणार, असं त्यांना वाटलं. कामिलसने ऐकून घेतलं आणि काम चालू ठेवलं. शिक्षण कमी पडतं म्हणून तो बत्तिसाव्या वर्षी येशूसंघीयांच्या रोममधल्या विद्यालयात लहान पोरांच्या बाकावर लॅटिन शिकायला बसला. सहा फूट सहा इंचांचा विद्यार्थी! इथे वर्ग नेहमी हसतो. मी हसू देतो. २६ मे १५८४ रोजी, चौतिसाव्या वर्षी, त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. दीक्षा देणारे बिशप टॉमस गोल्डवेल हेही मायदेशातून परागंदा होऊन रोममध्ये राहिलेले.

सान जाकोमो सोडून कामिलस आणि त्याचे साथीदार टायबर नदीकाठच्या सांतो स्पिरितो या मोठ्या रुग्णालयात रोज जाऊ लागले. त्याने सेवकांसाठी नियम लिहून काढले. आजच्या नर्सिंगच्या विद्यार्थ्याला ते ओळखीचे वाटतील. खिडक्या उघडून हवा खेळती ठेवा. प्रत्येकाच्या दुखण्याला मानवेल असं अन्न द्या. संसर्गाचे रोगी वेगळे ठेवा. भरवताना घाई करू नका. आणि एखाद्याचा श्वास थांबला असं वाटलं तरी लगेच तोंडावर कापड ओढू नका. थोडा वेळ शेजारी थांबा, प्रार्थना चालू ठेवा, पुन्हा बघा. या शेवटच्या नियमात प्रार्थना आणि निरीक्षण एकाच वाक्यात आहेत. वॉर्डात मी हे स्वतः केलंय. मॉनिटरवरची रेघ सरळ झाली तरी आधी रोग्याच्या छातीला चिकटवलेल्या वायरी बघायच्या असतात, त्यातली एखादी निघालेली असू शकते. त्यासाठी माणसाजवळ थांबावं लागतं.

कामिलस रोग्यांना आपले मालक म्हणायचा. कुणाला भरवताना तो कधी कधी गुडघ्यावर बसे आणि आपल्या चुकांची क्षमा त्या रोग्याकडेच मागे. त्याच्या दृष्टीने त्या खाटेवर ख्रिस्तच पडलेला होता. त्यामुळे देवळात गुडघे टेकणं आणि वॉर्डात गुडघे टेकणं यांत त्याला फरक वाटत नसे. पहिली तासिका आणि दुसरी तासिका जोडणारी जागा हीच.

१५८६ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी त्याच्या मंडळाला मान्यता दिली आणि त्याच वर्षी काळ्या झग्यावर छातीशी लाल क्रूस लावायची परवानगीही दिली. मुलं विचारतात की हेच ते रेडक्रॉस का. नाही. रेडक्रॉस ही संस्था त्यानंतर २७७ वर्षांनी, १८६३ मध्ये जिनिव्हाला सुरू झाली आणि तिचं चिन्ह म्हणजे स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे केलेले. पण तो लाल क्रूस रणांगणावर मात्र गेला होता. १५९५ आणि १६०१ मध्ये हंगेरी आणि क्रोएशियाकडे तुर्कांशी लढणाऱ्या सैन्याबरोबर कामिलसने आपली माणसं पाठवली, जखमींना उचलायला आणि मलमपट्टी करायला. युद्धभूमीवरच्या वैद्यकीय पथकांत त्यांची गणना अगदी पहिल्यांत होते. जो माणूस तरुणपणी लढायला म्हणून गेला होता, त्याने उतारवयात जखमींसाठी माणसं पाठवली.

त्याच सुमाराची आपल्या भागातली एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगतो, म्हणजे काळाचा अंदाज येतो. तेव्हा आपल्या वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांचा झेंडा होता. आणि वसईतच जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी दूर जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर खिळलं गेलं, तेव्हा कामिलस रोममध्ये खाटा उचलत होता.

नेपल्सला नवं घर सुरू करायला कामिलस १५८८ मध्ये गेला. त्या वेळी साथीचे रोगी असलेली काही गलबतं बंदराबाहेर अडवून ठेवली होती. कुणाला उतरू देत नव्हते आणि कुणी चढायला तयार नव्हतं. कामिलसची माणसं चढली. त्यातले दोघे तीच साथ लागून मेले. पुढे १५९१ मध्ये पोप ग्रेगरी चौदावे यांनी मंडळाला पूर्ण संन्यासी संघाचा दर्जा दिला आणि ८ डिसेंबरला कामिलस व त्याच्या साथीदारांनी जाहीर शपथा घेतल्या. ब्रह्मचर्य, गरिबी आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन. आणि चौथी, जिवाला धोका असला तरी, साथीचा रोग असला तरी, आजाऱ्यांची सेवा सोडणार नाही. २०२०च्या त्या उन्हाळ्यात पीपीई किटच्या आत घामाने निथळताना मला ही चौथी शपथ रोज आठवायची. मी काही ती घेतलेली नव्हती. पळून जावंसं वाटायचं, हेही तुमच्यापासून लपवत नाही.

१५९८च्या नाताळाच्या आदल्या दिवशी टायबर नदीला मोठा पूर आला. सांतो स्पिरितो रुग्णालय नदीच्या अगदी काठावर. पाणी चढत होतं आणि खालच्या मजल्यावर रोगी खाटांवर पडलेले. कामिलस आणि त्याच्या सोबत्यांनी एकेकाला उचलून वरच्या मजल्यावर नेलं. तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि त्या पायावर अख्खं दांडगं शरीर पेलत जिने चढत होता.

होय, ती जखम अजून होतीच. तीस वर्षं झाली तरी भरली नव्हती. त्यात अंतर्गळाचा त्रास, तळपायाला कुरुपं, पोटाचं दुखणं. १६०७ मध्ये त्याने संघाच्या प्रमुखपदाचा राजीनामा दिला, म्हणजे वॉर्डाला जास्त वेळ देता येईल. स्वतःची सेवा करू द्यायला तो तयार नसे. उभं राहता येईना तेव्हा रात्री खाटेवरून उतरून सरपटत दुसऱ्या रोग्यांकडे जाई, कुणाला काही हवंय का ते बघायला. १४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये तो वारला. १७४६ मध्ये तो संत म्हणून घोषित झाला. १८८६ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्याला आणि संत जॉन ऑफ गॉड यांना आजाऱ्यांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते ठरवलं आणि १९३० मध्ये पोप पायस अकरावे यांनी परिचारकांचेही.

नववीत ही गोष्ट संपल्यावर आपल्यापैकी कुणीतरी सिस्टरांना विचारलं होतं की एवढ्या मोठ्या संताची एक जखम देवाने का बरी केली नाही. प्रश्न विचारणारा मीच होतो. त्यामागचं कारण तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आज सांगतो.

माझ्या बाबांना साखर होती. पायाला खिळा लागला आणि जखम चिघळली. घरात वास यायचा. म्हणूनच मी तुम्हाला कुणाला घरी येऊ देत नव्हतो, केळीच्या वाडीतूनच परत पाठवायचो. ड्रेसिंग आई करायची. मी त्या खोलीत जायचं टाळायचो. शुक्रवारच्या यादीत मी शेजारच्या काकांचं नाव लिहायचो, पुढे त्यांना पेपर वाचून दाखवेन असंही लिहायचो आणि दाखवायचोही. बाबांचं नाव मी एकदाही लिहिलं नाही. लाज वाटायची. आणि लिहिलं तर पुढे मी काय करणार तेही लिहावं लागलं असतं.

सिस्टरांनी त्या दिवशी वर्गात उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर उभ्या होत्या, हातात औषधांची पेटी. आईला कसं कळलं, कुणी सांगितलं, देव जाणे. त्यांनी मला पाण्याचं भांडं धरायला सांगितलं. पट्टी सोडताना मला उलटी आली. ओकून आल्यावर त्यांनी पुन्हा तेच भांडं हातात दिलं. जखम धुऊन झाल्यावर त्या बाबांच्या पायाशीच बसल्या आणि आम्ही चौघांनी प्रार्थना केली. लांबलचक नव्हे, एवढीशी. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. किती तरी महिन्यांनी मी त्यांच्या हाताच्या अंतरात आलो होतो.

त्यानंतर रोज संध्याकाळी ड्रेसिंग मी करायचो. जखम बरी झाली नाही. पुढच्या वर्षी पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि आपली दहावी झाल्यावर दोन वर्षांनी बाबा गेले. आम्ही रोज प्रार्थना करत होतो. म्हणून मुलांना मी कधीच सांगत नाही की प्रार्थना केली की रोगी बरा होतो. औषध वेळेवर द्या, डॉक्टरांकडे न्या, आणि प्रार्थनाही करा, असं सांगतो. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारतेच, की मग सर, प्रार्थनेचा उपयोग काय. मी तिला बाबांची गोष्ट सांगतो. प्रार्थनेने बाबांचा पाय वाचला नाही. प्रार्थनेने मी त्या खोलीत गेलो. बाबांची शेवटची तीन वर्षं मला मिळाली, आणि पुढे आयुष्यभराचं कामही मिळालं. कामिलसची जखम चाळीसहून जास्त वर्षं भरली नाही, पण मठाचं दार बंद करून तिनेच त्याला वॉर्डात नेऊन सोडलं. देवाचा हेतू काय होता ते मी कोण सांगणार? जे घडलं तेवढंच सांगतो.

तर मित्रमैत्रिणींनो, डॉक्टर व्हायचं राहिलं नव्हतं. मला ब्रदरच व्हायचं होतं.

आता एक शेवटची गोष्ट, आणि ती थोडी बोचेल. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी आजारी असल्याचं कळलं की जोडलेल्या हातांची रांग लागते. मीही त्यात असतो. आपल्यातला एक जण गेलं वर्षभर आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातोय. त्याच्यासाठी ग्रुपवर चाळीसेक जोडलेले हात आले. घरी किती जण गेलो, हे मी त्यालाच विचारलं. दोन. त्या दोघांत मी नव्हतो. तिथून मी घरी आलो तो मान खाली घालूनच. सिस्टरांनी आपल्या सगळ्यांची नावं पुसून टाकली असती.

मेळाव्याच्या दिवशी नववी बचा वर्ग आपल्यासाठी उघडा ठेवणार आहेत. मी खडू घेऊन येतो. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात आपल्या आजारी सोबत्यांची, त्यांच्या घरच्यांची आणि आता थकलेल्या आपल्या बाई-सरांची नावं लिहू. पुढे कोण काय करणार तेही लिहू. डायलिसिसच्या मित्रापुढचं मी आधीच ठरवलंय. मंगळवारी त्याला सेंटरवर मी घेऊन जाणार. शनिवार मोकळा आहे. मग सगळे मिळून प्रार्थना करू, क्रूसाची खूण करणारे तशी, हात जोडणारे तशी.

सिस्टर पहिल्या बाकावर बसणार आहेत. डस्टर त्यांच्या हातात द्यायचा आहे.